नवं सीएसएस कधी वापरायचं? आधी ते मोडतं कसं ते बघा

प्रश्न: आमची छोटी टीम पतसंस्था, शाळा आणि नगरपालिका यांच्या मराठी वेबसाइट्स बनवते. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, दर महिन्याला काहीतरी नवं आल्याचं वाचतो. कंटेनर क्वेरी, नेस्टिंग, लेयर, पॉपओव्हर, अँकर पोझिशनिंग यांतलं आज काय वापरावं, कशाची वाट बघावी, आणि हे ठरवायचं कसं? सॅस (सीएसएस तयार करून देणारं साधन) सोडायची वेळ आली का? देवनागरीसाठी वेगळं काही बघावं लागतं का?

उत्तर:

एखादी सोय आल्याची बातमी वाचली की ती कुठपर्यंत पोचली ते आधी तपासा. कधी सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या वर्किंग ग्रुपने नुसती मसुद्यात भर घातलेली असते. कधी क्रोमने ती चालू केलेली असते आणि बाकीचे अजून वाद घालत असतात. कधी तिन्ही इंजिनांत (इंजिन म्हणजे ब्राउझरचा पान रेखाटणारा भाग) ती खरोखर उतरलेली असते. मथळा मात्र तिन्ही वेळा सारखाच उत्साही असतो. तुमच्या कामाची यातली फक्त तिसरी बातमी, आणि तेवढ्यावरही भागत नाही. माझ्या लेखी खरा प्रश्न असतो तो पुढचा: ज्याच्या ब्राउझरला ही सोय कळत नाही, त्याला पान कसं दिसेल? याचं उत्तर चांगलं असेल तर मी कालची सोयही आज वापरते. वाईट असेल तर तीन वर्षं जुनी सोयही बाजूला ठेवते.

स्पेकवर, म्हणजे सोयीच्या लेखी नियमांवर, ‘रेकमेंडेशन’चा शिक्का बसेपर्यंत थांबावं, असं मानणारे अजून भेटतात. सीएसएस १ ला तो शिक्का डिसेंबर १९९६ मध्ये मिळाला, सीएसएस २ ला मे १९९८ मध्ये, आणि तिच्या दुरुस्त आवृत्तीला, म्हणजे २.१ ला, थेट जून २०११ मध्ये. मधली तेरा वर्षं सगळं वेब त्याच नियमांवर चाललं होतं. ग्रिड (आडव्या-उभ्या चौकटींत पान मांडायची सोय) २०१७ पासून सगळे वापरतात, आणि त्याचा स्पेक इतकी वर्षं ‘कँडिडेट रेकमेंडेशन’च्या पायरीवर राहिला. त्यामुळे शिक्क्यावरून काही ठरत नाही. आणि क्लायंटच्या टेंडरात ‘सीएसएस ४’ असं लिहून आलं तर हसून सोडून द्या. २.१ नंतर सीएसएसचे स्वतंत्र मॉड्यूल झाले आणि प्रत्येकाची पातळी आपापल्या गतीने वाढते. ‘४’ नावाचा गठ्ठा कधी येणारच नाही.

मोजायची ती इंजिनं. ती तीन आहेत: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला, तेव्हापासून ‘क्रोममध्ये पण चालतं, एजमध्ये पण चालतं’ हे एकच मत धरायचं. ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हेही त्याच मतातले. उलट आपल्याकडे आयफोनवर कोणी क्रोम उघडला तरी आत वेबकिटच असतं. ‘माझ्याकडे क्रोम आहे तरी दिसत नाही’ अशी तक्रार आयफोनवाल्याकडून आली, तर त्याला क्रोमची नव्हे, आयओएसची आवृत्ती विचारा.

एकाच इंजिनासाठी लिहिलं तर काय होतं, ते या धंद्याने एकदा भोगलेलं आहे. मोबाइल वेबच्या सुरुवातीला लोक गुणधर्मांपुढे फक्त ‘-वेबकिट-’ हा प्रीफिक्स, म्हणजे एका इंजिनाची खूण, लावून मोकळे व्हायचे. फेब्रुवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि ऑपेरा यांनी वर्किंग ग्रुपपुढे सांगून टाकलं की आता आम्हालाही दुसऱ्याचा प्रीफिक्स ओळखावा लागणार, नाहीतर साइट्स आमच्यात तुटलेल्या दिसतात. त्या काळाचं भूत अजून जिवंत आहे. बातम्यांच्या यादीतला सारांश तीन ओळींत कापायला तुम्ही जो लाइन-क्लॅम्प लावता, त्याच्यापुढे आजही ‘-वेबकिट-’ लिहावं लागतं, फायरफॉक्ससाठीसुद्धा. ग्रिडच्या वेळी मात्र शहाणपण आलं. सोय फ्लॅगमागे, म्हणजे सर्वांसाठी बंद, ठेवून वर्षानुवर्षं तयार केली गेली. क्रोम आणि सफारीतलं मोठं काम ब्लूमबर्गच्या पैशावर इगालिया या स्पॅनिश कंपनीने केलं. मग मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स ५२, क्रोम ५७ आणि सफारी १०.१ ग्रिड घेऊन बाहेर पडले. इतकं एका सुरात तेव्हा काहीच येत नसे.

आता हे मुद्दाम घडवून आणलं जातं. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, बोकूप आणि इगालिया मिळून दरवर्षी ‘इंटरऑप’ नावाची यादी ठरवतात: या वर्षी या सोयी तिन्ही इंजिनांत सारख्या चालल्या पाहिजेत, आणि त्या सामायिक चाचण्यांवर मोजल्या जातील. दर महिन्याच्या बातम्या वाचायला वेळ नसेल तर वर्षाच्या सुरुवातीला येणारी ही यादी तेवढी वाचा. पुढच्या वर्षभरात काय पिकणार ते तिथे कळतं.

दुसरं साधन ‘बेसलाइन’. गूगलने मे २०२३ मध्ये ते पुढे आणलं आणि आता ते वेबडीएक्स कम्युनिटी ग्रुप सांभाळतो. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी, डेस्कटॉप व मोबाइल दोन्ही, या सगळ्यांत सोय पोचली की ती ‘नव्याने उपलब्ध’. त्यानंतर तीस महिने गेले की ‘सर्वत्र उपलब्ध’. एमडीएन या वेब-संदर्भाच्या साइटवर प्रत्येक पानाच्या माथ्यावर हा शिक्का दिसतो. एक डोळा तिथे ठेवावाच. पण त्याचंही काटेकोर होत नाही कधीकधी. पॉपओव्हर (बटण दाबल्यावर पानावर उघडणारी चौकट) एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्स १२५ बरोबर ‘उपलब्ध’ झालं असं जाहीर झालं. मग लक्षात आलं की आयफोनवर बाहेर टॅप केलं तरी पॉपओव्हर बंदच होत नाही. सफारीत ते दुरुस्त झाल्यावर तारीख जानेवारी २०२५ वर सरकली. म्हणजे तीस महिन्यांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून.

बेसलाइनला एक गोष्ट मात्र कळूच शकत नाही: तुमचा वाचक. पतसंस्थेच्या काउंटरवरचा, शाळेच्या ऑफिसातला, सायबर कॅफेतला कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर असतो, आणि विंडोज ७ व ८.१ साठी शेवटचा क्रोम १०९ होता, जानेवारी २०२३ मधला. तो पुढे जातच नाही. आयफोन ६एस आणि ७ आयओएस १५ वर थांबलेत, त्यांची सफारी १५.६. विंडोज ७ वर फायरफॉक्स असेल तर तो ११५ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर. अँड्रॉइड ७ वाल्यांना क्रोम ११९ च्या पुढे काही मिळालं नाही. अगदी टोकाला जिओफोन: त्यातल्या कायओएस २.५ चं इंजिन फायरफॉक्स ४८ चं आहे, आणि ग्रिड आला ५२ मध्ये. म्हणजे जिओफोनवर तुमचा ग्रिड लेआउट नाहीच, सगळं एकाखाली एक.

म्हणून मी तारखांपेक्षा या अडकलेल्या आवृत्त्यांशी ताडून बघते. ताजे ब्राउझर आपोआप पुढे जातात, त्यांची काळजी करावी लागत नाही. नव्या सोयीबद्दल वाचलं की प्रश्न एकच: क्रोम १०९ आणि सफारी १५.६ ला ती कळते का? उत्तरं बघा कशी येतात. कॅस्केड लेयर (नियमांचे एकावर एक थर) आले २०२२ च्या सुरुवातीला, क्रोम ९९, फायरफॉक्स ९७, सफारी १५.४, म्हणजे दोन्हींना कळतात. ‘हॅज’ सिलेक्टर (आत अमुक असलेला घटक निवडणारा) सफारी १५.४ आणि क्रोम १०५ मध्ये आला, तोही दोन्हींना कळतो. अडतो तो फायरफॉक्स ११५, कारण तिथे हॅज यायला १२१ उजाडला. कंटेनर क्वेरी (बाहेरच्या डब्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या) क्रोम १०५ मध्ये आहेत, पण सफारीत १६ पासून, म्हणजे जुने आयफोन बाहेर. नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) क्रोम ११२, टेक्स्ट-रॅप बॅलन्स (ओळी सारख्या लांबीच्या करणं) आणि पॉपओव्हर ११४, सबग्रिड (बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरणारं आतलं ग्रिड) ११७, लाइट-डार्क (उजळ आणि गडद थीमचे रंग) १२३: हे सगळं विंडोज ७ वाल्या काउंटरला परकं. तुमच्या साइटच्या आकडेवारीत या आवृत्त्यांचा वाटा किती, ते मात्र तुम्हीच बघायचं. मुंबईतल्या स्टार्टअपच्या साइटवर तो नगण्य निघेल, तालुक्याच्या पतसंस्थेत नाही निघणार.

न कळणं हेही सारखं नसतं. बॅलन्स न कळणाऱ्या ब्राउझरमध्ये मथळा नेहमीसारखा तुटतो, कोणाला पत्ताही लागत नाही. व्ह्यू ट्रान्झिशन (पान बदलतानाचा सरकता परिणाम) न कळल्यास पान एकदम बदलतं, पूर्वी बदलायचं तसं. पॉपओव्हरचं उलट आहे. जुन्या ब्राउझरला ‘पॉपओव्हर’ हा ॲट्रिब्यूट माहीत नसतो, म्हणून तो त्या डिव्हला लपवतच नाही. बटण दाबल्यावर उघडायची अटींची यादी पान उघडल्या उघडल्या मधोमध पसरलेली असते. मजकूर तिथे वाचायला बरा वाटेल असा असेल तर चालेल. नसेल तर ‘@सपोर्ट्स’ने सोय आहे का ते तपासून आधी लपवा, किंवा सरळ डायलॉग एलिमेंट घ्या. तो मार्च २०२२ पासून तिन्हींत आहे, क्रोम १०९ लाही येतो, आणि बहुतेक ठिकाणी तुम्हाला हवा तोच असतो.

नेस्टिंगचं बिघडणं सर्वांत वाईट, कारण ते अर्धवट असतं. जुना ब्राउझर सीएसएस वाचताना बाहेरच्या नियमातली सुरुवातीची घोषणा (‘रंग: लाल’सारखी ओळ) मानतो, आतला नियम दिसला की गोंधळतो, आणि पुढच्या अर्धविरामापर्यंतचं सगळं फेकून देतो. म्हणजे आतला ब्लॉक तर गेलाच, त्याच्या लगेच पुढे लिहिलेली चांगली घोषणाही गेली. रंग आला, पॅडिंग नाही आलं, अशी पानं दिसतात आणि कारण सापडत नाही.

त्यामुळे सॅसचं उत्तर: नेस्टिंगसाठी सॅस सोडू नका. सॅस किंवा लाइटनिंग सीएसएस ते सपाट करून देतं, आणि क्रोम १०९ सुखात राहतो. दोन्ही नेस्टिंग एकसारखी आहेत अशा समजुतीत मात्र राहू नका. सॅसमध्ये अँपरसँडला (&) ‘__टायटल’ चिकटवून नवं क्लासनाव करता येतं, ब्राउझरच्या नेस्टिंगमध्ये येत नाही. शिवाय ब्राउझरचा अँपरसँड ‘इज’ सिलेक्टरसारखा वागतो: बाहेरच्या यादीत एक जरी आयडी असला तरी आतल्या सगळ्या नियमांना आयडीचं वजन मिळतं. रंग आणि अंतरांची सॅस व्हेरिएबल्स हळूहळू कस्टम प्रॉपर्टीत (सीएसएसच्या स्वतःच्या व्हेरिएबल्समध्ये) न्या, तिथे खरा फायदा आहे. ‘@इम्पोर्ट’ वापरत असाल तर ‘@यूज’कडे वळायला सुरुवात करा, डार्ट सॅस १.८० पासून जुनी पद्धत निवृत्तीच्या वाटेवर आहे आणि ३.० मध्ये ती काढणार आहेत.

कस्टम प्रॉपर्टीत एक खड्डा आहे, तो इथेच सांगते. एरवी सीएसएसमध्ये आधी जुनी किंमत लिहायची, खालच्या ओळीत नवी. ज्याला नवी कळत नाही तो वरची घेतो. हा या भाषेतला सर्वांत जुना आणि भरवशाचा फॉलबॅक. पण नवी किंमत व्हेरिएबलमध्ये भरून ‘व्हार’ने वापरली की हा नियम चालत नाही. ब्राउझर वाचताना ‘व्हार’ची ओळ वैध समजतो, वरची फेकून देतो, आणि प्रत्यक्ष रंग काढायच्या वेळी त्याला कळतं की आत लाइट-डार्क आहे आणि ते आपल्याला येत नाही. तोवर जुनी किंमत हातातून गेलेली असते. म्हणून व्हेरिएबलमध्ये आधी साधी किंमत ठेवा आणि नवी ‘@सपोर्ट्स’च्या आत त्याच व्हेरिएबलला द्या.

लेयर आजपासून वापरा, वरच्या हिशोबात ते बसतात. बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) एका लेयरमध्ये टाकलं आणि आपलं सीएसएस बाहेर ठेवलं की सिलेक्टरच्या वजनाची भांडणं मिटतात. बाहेरचा साधा क्लासही लेयरमधल्या आयडीवर मात करतो. फक्त ‘इम्पॉर्टंट’च्या बाबतीत क्रम उलटा होतो, लेयरमधला इम्पॉर्टंट बाहेरच्या इम्पॉर्टंटला हरवतो. बूटस्ट्रॅपचे युटिलिटी क्लास इम्पॉर्टंटने भरलेले आहेत, तेव्हा ते लेयरमध्ये गेले की आणखी मुजोर होतात. युटिलिटी वेगळ्या काढा, किंवा त्या क्लासना एचटीएमएलमधूनच हटवा.

हॅज वापरा, पण नेहमीच्या नियमात स्वल्पविराम देऊन घुसवू नका. यादीतला एक सिलेक्टर कळला नाही तर जुना ब्राउझर अख्खा नियम टाकून देतो. हॅजसाठी वेगळा नियम लिहा, तो गेला तर एकटाच जाईल. ‘इज’ आणि ‘व्हेअर’ आपल्या कंसातल्या चुका पोटात घालतात, हॅज घालत नाही, आणि याचं कारण मोठं गमतीचं आहे. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला स्वतःचा हॅज फार पूर्वीपासून होता. जेक्वेरी आधी ब्राउझरला विचारते, ब्राउझरने चूक दाखवली तरच स्वतःचं इंजिन चालवते. ब्राउझरचा हॅज चुका माफ करायला लागल्यावर तो चूक न दाखवता रिकामी यादी परत द्यायचा, आणि जुन्या साइट्स मोडू लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्रुपने ठरवलं की हॅज माफी देणार नाही. तुमच्या पतसंस्थांच्या साइट्सवर अजून जेक्वेरी असणार. जगाचं स्टँडर्ड तिच्यासाठी वाकवलं गेलं, हे क्लायंटला नको पण टीमला जरूर सांगा.

कंटेनर क्वेरीवर जरा थांबते, कारण या सगळ्यांत कामाची पद्धत बदलणारी ही एकच सोय आहे. लोक ती दहाएक वर्षं मागत होते. अडत होतं ते असं: डबा रुंद असेल तर आतला मजकूर असा मांड, पण मजकूर बदलला की डब्याची रुंदी बदलणार, मग पुन्हा मजकूर बदलणार. हे चक्र तोडलं ‘कंटेनमेंट’ने. ज्या डब्याला विचारायचं त्याने आधी कबूल करायचं की माझी रुंदी आतल्या मजकुरावर अवलंबून नाही. इथेच पहिल्यांदा वापरणारा हमखास अडखळतो. फ्लेक्स या मांडणीतल्या कार्डालाच ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज’ दिलं की ते कार्ड शून्य रुंदीचं होऊन गायब होतं. बरोबरच आहे, त्याने मजकुराकडे बघायचंच नाही असं तुम्ही सांगितलंत. कंटेनर करायचा तो कार्डाच्या बाहेरचा आवरण-डिव्ह, ज्याला रुंदी ग्रिडकडून मिळते. आणि डबा स्वतःलाच विचारू शकत नाही, फक्त आतल्यांना बदलता येतं, हेही त्यातच आलं.

पतसंस्थेच्या साइटवर व्याजदराचं एकच कार्ड मुख्य स्तंभात रुंद, बाजूच्या पट्टीत अरुंद आणि शाखेच्या पानावर तिसऱ्याच मापात लागतं. पूर्वी त्यासाठी तीन क्लास आणि मीडिया क्वेरींचा गुंता व्हायचा. आता कार्डाचं मूळ रूप अरुंद, एकाखाली एक असं लिहा आणि कंटेनर रुंद असेल तर आडवं करा. आयफोन ७ ला क्वेरी कळली नाही तर त्याला मूळ अरुंद रूप मिळतं, आणि त्याची स्क्रीन तशीही अरुंदच असते. फॉन्टचं माप मात्र नुसत्या ‘सीक्यूआय’ या कंटेनरच्या रुंदीवरच्या एककात देऊ नका. त्याच्या वर रेममधली (पानाच्या मूळ अक्षरमापावरच्या एककातली) ओळ ठेवा.

वाट बघायच्या गोष्टी थोडक्यात. अँकर पोझिशनिंग (टूलटिप आपल्या बटणाला चिकटवून ठेवणं) क्रोममध्ये मे २०२४ ला आलं, सफारीत सप्टेंबर २०२५ ला, फायरफॉक्स सर्वांत शेवटी. न कळल्यास टूलटिप पानाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसते, तेव्हा सार्वजनिक साइटवर अजून नको. मेसनरीबद्दल (वेगवेगळ्या उंचीची कार्डं विटांसारखी रचणं) २०२४ मध्ये वेबकिट आणि क्रोमच्या मंडळींत उघड मतभेद झाले, ग्रिडचाच भाग करायचा की वेगळा डिस्प्ले. पुढे ‘ग्रिड-लेन्स’ या नावावर गाडी आली. वाचायला मजेदार वाद आहे, तुमच्या कामाला अजून निरुपयोगी. ‘इफ’ फंक्शन क्रोम १३७ मध्ये दिसलं म्हणून शिकायची घाई करू नका.

आता देवनागरी. इथे बेसलाइनचा हिरवा शिक्का तुम्हाला फसवू शकतो. सोय आहे की नाही एवढंच तो सांगतो. ती आपल्या लिपीला सोसते का, हे तो तपासत नाही.

पहिलं काम फुकटातलं आहे: एचटीएमएलवर ‘लँग’ एमआर लिहा. बऱ्याच मराठी साइट्सवर तिथे ‘ईएन’ असतं, थीममधून तसंच आलेलं. अनेक देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच फॉन्ट ते काढतो. शिवाय स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचणार, तेही यावर ठरतं.

मग ‘:लँग’ सिलेक्टरने मराठी मजकुरावरचं लेटर-स्पेसिंग शून्य करा. तयार डिझाइन सिस्टीममध्ये छोट्या लेबलांना कॅपिटल अक्षरं आणि मोकळं अंतर दिलेलं असतं. कॅपिटलचा आपल्यावर परिणाम नाही, पण अंतराने शिरोरेषेचे तुकडे होतात. ‘मुख्यपृष्ठ’ हा शब्द विखुरलेला दिसला की वाचणाऱ्याला फॉन्ट बिघडलाय असं वाटतं.

ओळीची उंची इंग्रजी मथळ्यांसाठी १.१ किंवा १.२ ठेवलेली असते. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार असलेल्या लिपीला ती पुरत नाही. ‘सर्वांत’मधला रफार-अनुस्वार किंवा ‘कर्तृत्व’ची खालची ऋकाराची खूण वरच्या-खालच्या ओळीला भिडते. लाइन-क्लॅम्पबरोबर ओव्हरफ्लो हिडन येतंच, मग त्या खुणा कापल्या जातात आणि अर्थच बदलतो. मी मथळ्यांना १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवते. फॉन्टाप्रमाणे थोडं मागेपुढे. याच कारणाने टेक्स्ट-बॉक्स-ट्रिमपासून (अक्षरांच्या वर-खालची रिकामी जागा कापणारी सोय) सध्या लांब राहा. ते सफारी १८.२ आणि क्रोम १३३ मध्ये आलं आणि बटणातला मजकूर नेमका मध्ये आणायला इंग्रजीत फार छान आहे. पण कापायच्या रेषा कॅपिटल अक्षराची उंची, एक्सची उंची, लॅटिन पायरेषा अशा आहेत. शिरोरेषा ही रेषा त्या यादीत नाही.

अधोरेखनासाठी ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ एममध्ये (अक्षराच्या मापावरच्या एककात) थोडं वाढवून द्या म्हणजे रेघ उकारांच्या खाली जाते. हे क्रोम १०९ सकट सगळ्यांना येतं. टेक्स्ट-रॅप बॅलन्स मथळ्यांना जरूर लावा. ‘जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात’ असले लांब शब्द मथळ्यात आले की शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबकळतो, तो प्रकार थांबतो. क्रोम सहा ओळींपर्यंतच हा हिशोब करतो, म्हणून परिच्छेदांना लावून उपयोग नाही.

पहिलं अक्षर मोठं करायचा मोह टाळा. युनिकोडच्या जुन्या नियमाने ‘स्वातंत्र्य’चं पहिलं अक्षर ‘स्’ एवढंच निघायचं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, सप्टेंबर २०२३ ला आला. त्यामुळे कुठला ब्राउझर काय मोठं करेल याचा भरवसा नाही. जावास्क्रिप्टने मजकूर कापून तीन टिंबं लावत असाल तर तिथेही हाच धोका आहे: लांबी मोजून कापू नका, ‘इंटल सेगमेंटर’ (अक्षरांच्या सीमा ओळखणारी सोय) वापरा. तो एप्रिल २०२४ पासून तिन्हींत आहे.

देवनागरी आणि इंग्रजी फॉन्ट वेगळे असतील तर एकाच मापात देवनागरी लहान दिसते. फॉन्ट-फेसमध्ये ‘साइझ-ॲडजस्ट’ देऊन देवनागरी थोडी मोठी करा, सगळ्या पानावर मापं बदलत बसू नका. हे क्रोम आणि फायरफॉक्स ९२ पासून आहे, सफारीत १७ पासून. जुन्या आयफोनवर अक्षर जरासं बारीक, एवढंच नुकसान. युनिकोड-रेंज (फॉन्ट कुठल्या अक्षरांना लागेल ते) लिहिताना ०९०० ते ०९७एफ याच्या जोडीला झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) आणि रुपयाचं चिन्हही घ्या. ते चिन्ह राहिलं की व्याजदराच्या तक्त्यात ₹ वेगळ्याच फॉन्टातून येतं.

शेवटी नगरपालिकेच्या ठरावांसाठी एक सोय, जी फार कोणी वापरत नाही. आपल्याकडे पोटकलमं (अ), (ब), (क), (ड), (इ), (फ) अशी जातात. ‘लिस्ट-स्टाइल-टाइप: देवनागरी’ने फक्त १, २, ३ मिळतात. ‘@काउंटर-स्टाइल’मध्ये प्रकार अल्फाबेटिक, चिन्हं म्हणून ही अक्षरं, आणि प्रीफिक्स-सफिक्समध्ये कंस दिले की यादी आपोआप तशी उमटते, मधलं कलम वगळलं तर पुढची अक्षरं सरकतात. फायरफॉक्सला हे ३३ पासून येतं, क्रोमला ९१ पासून, सफारीला १७ पासून. जुन्या सफारीत त्या जागी साधे आकडे दिसतात. सूचनांच्या पानावर त्याने बिघडत नाही. पण ठरावात पुढे कुठे ‘खंड (ब) मधील तरतुदीनुसार’ असा उल्लेख असेल आणि वाचणाऱ्यासमोर आकडा २ असेल, तर ते चालणार नाही. अशा पानांवर खुणा सीएसएसकडून काढून मजकुरातच हाताने लिहा.